बंदुकीचा साज : काउंटर-स्ट्राइकमध्ये स्किन निवडताना

स्किनने, म्हणजे बंदुकीवर चढवलेल्या रंगरूपाने, नेम सुधारत नाही. काउंटर-स्ट्राइक २ मधली एके-४७ फुकटची असो की लाखभर रुपयांची, तिच्या मॅगझिनमध्ये तीसच गोळ्या असतात आणि झटकाही तेवढाच बसतो. तरी रोज खेळणाऱ्या कुणालाही विचारा, साध्या बंदुकीने खेळायला मजा येत नाही असंच तो सांगेल. त्यात वेडेपणा काही नाही. तासन्‌तास जी वस्तू डोळ्यांसमोर असणार ती आपल्या पसंतीची असावी, एवढीच ती हौस. अडचण येते ती पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा हे ठरवताना. नवा खेळाडू तिथे विकणाऱ्याच्या नजरेने बघू लागतो आणि स्वतःच्या डोळ्यांना जे दिसतच नाही त्याचे पैसे मोजून बसतो.

ज्यांनी सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन ‘काउंटर’ खेळलंय त्यांना जुनी पद्धत आठवत असेल. काउंटर-स्ट्राइक १.६ मध्ये बंदुकीचं रूप बदलायचं म्हणजे इंटरनेटवरून मॉडेलची फाइल उतरवायची आणि गेमच्या फोल्डरमधल्या मूळ फाइलच्या जागी टाकायची. बदल फक्त आपल्या कॉम्प्युटरवर दिसायचा. शेजारच्या खुर्चीतल्या मित्राला आपली सोनेरी एके दिसायचीच नाही आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मशीनवर बसलो की आपल्यालाही नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये ‘आर्म्स डील’ नावाचं अपडेट आलं आणि हे सगळं बदललं. स्किन आता खात्याला चिकटते, सर्व्हरवरच्या प्रत्येकाला दिसते आणि विकता येते. बाजार, भाव, सट्टा, चोर, सगळे त्यानंतर आले.

कोणती बंदूक आधी?

आधी स्वतःचा खेळ बघा. एके-४७ फक्त टेररिस्ट बाजूला विकत मिळते, एम४ए४ आणि एम४ए१-एस फक्त काउंटर-टेररिस्टला. ग्लॉक एका बाजूची, यूएसपी-एस दुसरीची. मॅक-१० आणि एमपी९ यांचंही तसंच. म्हणजे एकेवर खर्च केलात तर सामन्याचा अर्धा वेळ ती बंदूक तुमच्या हातात नसणार, समोरच्याला मारून त्याची उचलली तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही स्किन त्याची असते, तुमची नाही. उलट एडब्ल्यूपी, डेझर्ट ईगल आणि पी२५० या दोन्ही बाजूंना चालतात. एकाच बंदुकीवर खर्च करायचा असेल आणि तुम्ही स्नायपर चालवत असाल तर एडब्ल्यूपीसारखा वसूल होणारा खर्च नाही. फक्त लक्षात ठेवा, दुर्बिणीला डोळा लावला की बंदूक दिसेनाशी होते. एडब्ल्यूपीची स्किन दिसते ती बंदूक धरून चालताना, कोपऱ्यावर दबा धरताना आणि गोळी झाडल्यावर बोल्ट ओढताना.

पिस्तुलांकडे सहसा दुर्लक्ष होतं. सामन्यात बारा-बारा फेऱ्यांचे दोन अर्ध असतात आणि प्रत्येक अर्धाची पहिली फेरी पिस्तुलावरच खेळली जाते. शिवाय पैसे नसलेल्या फेऱ्या असतातच. ग्लॉक आणि यूएसपी-एससाठी बऱ्या दिसणाऱ्या स्किन चहाच्या पैशात मिळतात. सुरुवात तिथून केली तर चटकाही लागत नाही आणि आपल्याला नक्की काय आवडतं तेही कळतं. भडक रंग पहिल्या दिवशी छान वाटतात, चौथ्या दिवशी डोळ्यांत खुपतात. हे चार रुपयांच्या पिस्तुलावर कळलेलं बरं.

चाकूचं काय, असं कुणीतरी विचारणारच. धावताना हातात चाकूच असतो, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ दिसणारी वस्तू तीच, हे खरं. पण चाकू आणि हातमोजे हा बाजारातला सर्वांत महाग माल आहे. त्याच्याकडे शेवटी वळा, आणि कर्ज काढून तर कधीच नको.

फ्लोट नावाचा आकडा

वापरून वापरून स्किन झिजते असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. स्किन तयार होते त्याच क्षणी तिला ० ते १ यांच्यामधला एक दशांश आकडा मिळतो, तो फ्लोट. तो आयुष्यात कधीच बदलत नाही. दहा हजार गोळ्या झाडा, नाहीतर पेटीत ठेवून द्या, जेवढी खरचटलेली ती आली तेवढीच राहते.

या आकड्यावरून गेम पाच नावं देतो. ०.०७ पर्यंत फॅक्टरी न्यू, ०.१५ पर्यंत मिनिमल वेअर, ०.३८ पर्यंत फील्ड-टेस्टेड, ०.४५ पर्यंत वेल-वॉर्न आणि त्यापुढे सगळं बॅटल-स्कार्ड. भाव ठरतात ते मुख्यतः या नावांवरून, आणि खरी गंमत इथेच आहे. ५९.९ टक्केवाला सेकंड क्लास आणि ६० टक्केवाला फर्स्ट क्लास, दोघांच्या अभ्यासात फरक शून्य, तसाच हा प्रकार. ०.०६९ ची बंदूक फॅक्टरी न्यू म्हणून चढ्या भावाने विकली जाते, ०.०७१ ची मिनिमल वेअर म्हणून खाली येते. दोन्ही शेजारी ठेवल्या तर कुठली कुठली हे भल्याभल्यांना सांगता येणार नाही.

याचा फायदा घ्या. फील्ड-टेस्टेडचा पट्टा चांगलाच रुंद आहे, ०.१५ पासून ०.३८ पर्यंत. त्याच्या सुरुवातीच्या टोकाची बंदूक जवळजवळ मिनिमल वेअरसारखी दिसते आणि शेवटच्या टोकाची पार घासलेली असते, पण हा गेम ज्यावर चालतो त्या स्टीमच्या बाजारात दोन्ही एकाच यादीत, बऱ्याचदा जवळपासच्या किमतीला, लागून असतात. यादीत पहिल्या आलेल्या स्वस्त मालावर बोट ठेवू नका. पाच-सहा विक्रेत्यांचा माल ‘इन्स्पेक्ट इन गेम’ करून बघा. गेममध्ये बंदूक उघडली की माहितीच्या चिन्हावर फ्लोट आणि पॅटर्नचा आकडा दोन्ही दिसतात. ०.१६, ०.१७ च्या आसपासची सापडली की तीच घ्या.

शिवाय प्रत्येक स्किनला ० ते १ असा पूर्ण पट्टा मिळालेला नसतो. एके-४७ ची रेडलाइन घ्या. काळ्या कार्बन-फायबरवर लाल रेघा, दहा वर्षांपेक्षा जास्त काळ टिकून असलेली आवडती स्किन. तिचा पट्टा ०.१० ते ०.७० आहे, म्हणजे फॅक्टरी न्यू रेडलाइन अस्तित्वातच नाही. कुणी तुम्हाला ती ‘स्वस्तात’ देऊ केली तर समोरचा काय आहे ते तिथेच कळलं. एडब्ल्यूपीची असिमोव्हही तशीच. पांढरी, नारिंगी आणि काळी, विज्ञानकथेतून उचलून आणल्यासारखी. तिचा पट्टा ०.१८ पासून सुरू होतो, तेव्हा फील्ड-टेस्टेडपेक्षा नवी ती मिळत नाही.

या असिमोव्हकडे जरा जवळून बघण्यासारखं आहे. फ्लोट वाढत जातो तसा तिच्या दुर्बिणीच्या नळीवरचा पांढरा रंग खरवडला जातो आणि खालचा काळा बाहेर येतो. मधल्या आकड्यांवर ती नुसती मळकट, अर्धवट सोललेली दिसते, ना धड पांढरी ना धड काळी. पण ०.९५ च्या पुढे गेली की दुर्बीण संपूर्ण काळी होते, आणि तो काळेपणा बाकीच्या पांढऱ्या अंगावर मुद्दाम केल्यासारखा शोभतो. खेळाडू तिला ‘ब्लॅकीमोव्ह’ म्हणतात आणि साध्या बॅटल-स्कार्डपेक्षा जास्त भाव देतात. नियमाने पाहिलं तर ती सगळ्यात खराब प्रत. जुनं म्हणजे वाईट असं नसतं, हे या एका बंदुकीवरून ध्यानात यावं.

झिजण्याची रीत प्रत्येक फिनिशची निराळी असते. काहींचा रंग कडांवरून खरवडला जातो, काही खरचटत नाहीत, नुसत्या काळवंडतात. गडद, एकरंगी, नक्षी कमी असलेल्या स्किनवर ओरखडे खपून जातात. तिथे स्वस्त प्रत घेतलीत तरी चालतं. चेहरा, डोळे, अक्षरं काढलेल्या स्किनवर मात्र नेमकं नाक उडालेलं असतं. तिथे हात सैल सोडा.

पॅटर्न आणि निळ्याचं वेड

काही स्किनवर चित्र बंदुकीनुसार मोजूनमापून बसवलेलं असतं, काहींवर मोठ्या कापडातून कुठलाही तुकडा कापून लावावा तसा लावलेला. दुसऱ्या प्रकारात कुठला तुकडा आला हे पॅटर्नच्या आकड्यावरून ठरतं. यातली सर्वांत गाजलेली ‘केस हार्डन्ड’. खऱ्या बंदुकांच्या पोलादावर हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात विझवण्याची जुनी प्रक्रिया करत, त्याने पृष्ठभागावर निळे, जांभळे, पिवळसर ढग उमटतात. गेममधली स्किन त्याची नक्कल आहे. एकेवर हे ढग बहुतेक वेळा पिवळट-तपकिरी पडतात. क्वचित एखादीचा माथा भरगच्च निळा निघतो, तिला ‘ब्लू जेम’ म्हणतात. पॅटर्न क्रमांक ६६१ ची एके तर दंतकथाच झाली आहे आणि तिच्यासाठी मोजले गेलेले पैसे ऐकून घर घेणारा माणूस गप्प बसेल.

तुम्हा-आम्हाला त्यातलं एवढंच उपयोगाचं. बंदूक उजव्या हातात धरलेली असताना खेळताना तुम्हाला तिची एकच बाजू दिसते, तिला ‘प्लेसाइड’ म्हणतात. दुसरी बाजू, ‘बॅकसाइड’, फक्त एफ दाबून बंदूक फिरवून पाहिलीत तर. संग्राहक दोन्ही बाजूंचे पैसे देतो, खेळाडूने एकीचेच द्यावेत. मागची बाजू चिखलाच्या रंगाची आणि पुढची बरीच निळी अशी एके सापडली तर ती तुमच्यासाठीच बनली आहे असं समजा. विकणाऱ्याने ‘मागून’ काढलेले सुंदर फोटो दाखवले तर हसून पुढे चला.

दुकानातला उजेड, मैदानातला उजेड

साडीच्या दुकानात पदर दाराशी नेऊन बघतात, त्याला कारण असतं. इन्स्पेक्टच्या पडद्यावरचा उजेड बंदूक विकायला ठेवलेला असतो. खेळताना ती गेममधल्या मैदानांवर, मिराजच्या उन्हात, इन्फर्नोच्या गल्ल्यांत, एन्शंटच्या हिरवट सावलीत दिसणार. धातूसारख्या चकाकणाऱ्या स्किन उन्हात झळाळतात आणि बोगद्यात जवळजवळ काळ्या पडतात. फिकट स्किन उलट सावलीत खुलतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये काउंटर-स्ट्राइक २ आलं तेव्हा नव्या इंजिनाने उजेडाचा सगळा हिशेबच बदलला, कित्येक जुन्या स्किन आधीपेक्षा उजळ दिसू लागल्या. म्हणून यूट्यूबवरचे २०१८-१९ चे व्हिडिओ पाहून खरेदी करू नका. हल्लीचे पाहा, तेही प्रत्यक्ष सामन्याचे. मित्राकडे ती स्किन असेल तर सगळ्यात उत्तम. त्याला फेरीच्या सुरुवातीला बंदूक खाली टाकायला सांगा, उचला आणि एक फेरी खेळून बघा. फुकट आहे.

बंदूक पडद्यावर किती दिसते हेही तुमच्या हातात आहे. सेटिंगमध्ये डेस्कटॉप, काउच आणि क्लासिक अशा तीन तयार बैठका मिळतात. कन्सोलमध्ये व्ह्यूमॉडेलचा एफओव्ही, म्हणजे दिसण्याचा कोन, ५४ ते ६८ च्या दरम्यान बदलता येतो. ६८ वर ठेवला की बंदूक लांब जाते, हात जास्त दिसतात आणि समोरचं मैदान मोकळं होतं. बहुतेक मुरलेले खेळाडू तेच ठेवतात. तेव्हा खरेदीआधी स्वतःची सेटिंग कायम करा. नळीच्या टोकावरच्या बारीक नक्षीवर भाळून घेतलेली स्किन ६८ वर नखाएवढी उरते, आणि दस्त्याचा मागचा भाग तर कुठल्याही सेटिंगवर स्वतःला दिसत नाही.

स्टिकर, घुंगरू आणि नाव

स्वस्त बंदूक स्वतःची करायची तर स्टिकरसारखा उपाय नाही. पूर्वी स्टिकरच्या जागा ठरलेल्या होत्या. फेब्रुवारी २०२४ पासून कुठल्याही बंदुकीवर पाच स्टिकर, हवे तिथे, हवे तसे फिरवून लावता येतात. हे स्वातंत्र्य मिळाल्यावर लोकांनी बंदुकांची जी दशा केली आहे ती एसटीच्या मागच्या बाजूला शोभेल. माझं मत विचाराल तर दोन स्टिकर पुरे, आणि तेही बंदुकीच्या अंगातल्याच एखाद्या रंगाचे. काळ्या-लाल रेडलाइनवर लाल किंवा चंदेरी. पाच वेगळ्या रंगांचे पाच संघ लावलेत तर मूळ स्किन विकत घेतली कशाला?

जागा निवडताना प्लेसाइड आणि बंदुकीचा मागचा-वरचा भाग धरा, डोळ्याजवळ तोच येतो. लावण्याआधी गेम पूर्वदृश्य दाखवतो, तिथे पुरेसा वेळ काढा, कारण एकदा लावलेला स्टिकर काढून दुसरीकडे लावता येत नाही. त्याला फक्त घासता येतं, आणि घासत घासत तो संपतो. हे घासणंही एक कला आहे. काही स्टिकरची पार्श्वभूमी आधी उडते आणि मधलं चिन्ह तेवढं उरतं, ते कधी कधी मूळ स्टिकरपेक्षा देखणं दिसतं. कागदी स्टिकर स्वस्त आणि शांत, होलो हलवला की रंग बदलतो, फॉइल चमकतं. गडद बंदुकीवर होलो खुलतो, चमकत्या बंदुकीवर कागदीच बरा.

मोठ्या स्पर्धांच्या म्हणजे मेजरच्या स्टिकरमधून येणारा निम्मा पैसा संघांना आणि खेळाडूंना जातो. आवडत्या संघाला हातभार लावायचा असेल तर हा सरळ मार्ग. दुसऱ्या बाजूला, कुणाच्या बंदुकीवर जुना स्टिकर लावलेला आहे म्हणून तो जादा पैसे मागत असेल तर देऊ नका. २०१४ च्या काटोवित्से स्पर्धेचे होलो स्टिकर हे अपवाद आहेत आणि ते तुम्हाला रस्त्यात भेटणार नाहीत. बाकी लावलेल्या स्टिकरची किंमत त्याच्या सुट्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून बंदुकीला चार्मही लटकवता येतो, रिक्षाच्या आरशाला लोंबणाऱ्या घुंगरासारखा. धावताना तो हलतो. हौशी लोकांना आवडतो, मला नजरेच्या कोपऱ्यात काही हलत असलं की शत्रू वाटतो. त्याची जमेची बाजू एवढीच, की तो काढून दुसऱ्या बंदुकीला लावता येतो, काढण्याचे पैसे मात्र पडतात. नेम टॅग घेऊन बंदुकीला वीस अक्षरांपर्यंत नावही देता येतं. तुमची बंदूक कुणी उचलली तर त्याला ते नाव दिसतं, तेव्हा शिवी सोडून काहीही ठेवा.

पेटी उघडू नका

आता ज्यावर सगळ्यात जास्त पैसे जातात त्याकडे. गेम खेळताना केस, म्हणजे बंद पेट्या, मिळतात, त्या उघडायला अडीच डॉलरच्या आसपास, नेमकं २.४९, किमतीची किल्ली घ्यावी लागते. उघडताना चाकं फिरतात, चाकू समोरून सरकत जातो आणि एका घरावरून चुकतो. तो चुकण्याचा देखावा आहे, निकाल आधीच लागलेला असतो.

चीनमध्ये नियमांमुळे २०१७ साली या शक्यता जाहीर कराव्या लागल्या. निळी म्हणजे सर्वांत साधी बंदूक निघण्याची शक्यता ७९.९२ टक्के, जांभळी १५.९८, गुलाबी ३.२०, लाल ०.६४ आणि सोनेरी, म्हणजे चाकू किंवा हातमोजे, ०.२६ टक्के. हिशेब करा. सरासरी एका चाकूला ३८५ किल्ल्या लागतात, म्हणजे साधारण साडेनऊशे डॉलर, आणि त्यातही निघणारा चाकू तुमच्या आवडीचा असेलच असं नाही. पुन्हा ३८५ किल्ल्या संपवणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे सदतीस जणांना एकही चाकू मिळालेला नसेल. सरासरीचा अर्थ हमी असा नसतो. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये २०१८ पासून या केस उघडणंच बंद आहे, जुगाराच्या कायद्यामुळे.

हवी ती स्किन बाजारातून थेट विकत घ्या. ज्या केस फुकट मिळतात त्या उघडण्याऐवजी विका. प्राइम खातं असेल तर आठवड्यातून एकदा पहिल्यांदा पातळी चढल्यावर चार वस्तू समोर येतात, त्यातल्या दोन निवडता येतात. तिथे बाजारात चालणारी केस असेल तर ती घ्या, विका, आणि वॉलेटमध्ये साठलेल्या पैशांतून पिस्तुलांना कपडे करा. खिशातला एक रुपया न घालता वर्षभरात बरंच काही जमतं, फक्त धीर लागतो.

एकाच दर्जाच्या दहा स्किन देऊन वरच्या दर्जाची एक मिळवण्याची ‘ट्रेड-अप’ नावाची सोय आहे. घरात साचलेल्या भंगाराची विल्हेवाट म्हणून ठीक. त्यासाठी दहा स्किन मुद्दाम विकत घेणं म्हणजे पुन्हा केसच उघडणं, वेगळ्या नावाने. २२ ऑक्टोबर २०२५ ला याच सोयीत एक बदल झाला आणि पाच लाल स्किन देऊन चाकू किंवा हातमोजे मिळू लागले. एका रात्रीत चाकूंचे भाव कोसळले, लाल बंदुकांचे उडाले. ‘स्किनमध्ये गुंतवणूक करतोय’ असं घरी सांगणाऱ्यांना त्या दिवशी कळलं असेल, की या बाजारात टांकसाळही गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची आणि नियमही तिचेच. आवडली म्हणून घ्या, वाढेल म्हणून नको.

खरेदी आणि चोर

स्टीमचा बाजार भारतात रुपयांत चालतो, वॉलेटमध्ये यूपीआयने पैसे भरता येतात. पण ते पैसे परत बँकेत येत नाहीत, हे भरण्याआधी पक्कं समजून घ्या. विक्रीवर पंधरा टक्के शुल्क लागतं, घेणारा ११५ देतो तेव्हा विकणाऱ्याला १०० मिळतात. घेतलेल्याच भावाने परत विकलीत तर तेवढं नुकसान ठरलेलंच. बाहेरच्या साइटवर स्वस्त मिळतं आणि पैसे रोखही होतात, म्हणून लोक तिकडे जातात. नवख्याने जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्किन पणाला लावून चाकं फिरवायच्या साइट तर सोडाच. व्हॉल्व्हने २०१६ सालीच अशा साइटना नोटिसा पाठवल्या होत्या. आपल्याकडेही ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे किंवा पैशासारखी चीज लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली आहे.

चोरी कशी होते तेही पाहून ठेवा. कुणीतरी अनोळखी ‘आमच्या संघाला मत दे’ म्हणून लिंक पाठवतो. पान हुबेहूब स्टीमसारखं असतं, तुम्ही लॉगिन करता. काहीच होत नाही. तो तुमच्या खात्यावर फक्त एपीआय की, म्हणजे तुमचे ट्रेड बाहेरून हाताळायची किल्ली, तयार करून ठेवतो. आठवड्याने तुम्ही मित्राला चाकू पाठवता, तो ट्रेड क्षणात रद्द होतो आणि मित्राचंच नाव, मित्राचाच फोटो लावलेल्या दुसऱ्या खात्याचा ट्रेड त्याच्या जागी येतो. मोबाइलवर तुम्ही न बघता मंजुरी देता. नाव आणि फोटो कुणालाही लावता येतात. समोरचं खातं कधी उघडलेलं आहे आणि त्याची पातळी किती, हे मंजुरीच्या पडद्यावर वाचा. ‘तुझ्या खात्याची चुकून तक्रार केली, आता या स्टीमच्या अधिकाऱ्याशी बोल’ हाही जुनाच डाव. स्टीमचा कुणीही माणूस डिस्कॉर्डवर बोलत नाही.

जुलै २०२५ पासून ट्रेडमध्ये आलेली वस्तू सात दिवस राखीव राहते आणि तेवढ्या मुदतीत ट्रेड उलटवता येतो. उलटवला की महिनाभर तुमचाही व्यवहार बंद राहतो, पण चाकू परत येतो. चोरी लक्षात आली तर रडत बसू नका, आधी ते करा, मग पासवर्ड बदला आणि एपीआय की रद्द करा.

स्वतः चित्र काढता येत असेल तर

गेममधल्या कित्येक स्किन खेळाडूंनीच काढलेल्या आहेत. स्टीम वर्कशॉपवर बंदुकीचा उलगडलेला नकाशा मिळतो, त्यावर रंगवायचं, साधनांमध्ये बंदुकीवर चढवून बघायचं आणि पाठवायचं. निवड झाली तर मोबदला मिळतो. निवड फार थोड्यांची होते. एकच अट मोडू नका, चित्र पूर्णपणे तुमचं हवं. २०१४ मध्ये ‘हाउल’ नावाच्या एम४ए४ वरचं चित्र दुसऱ्याचं असल्याची तक्रार आली, चित्र बदललं गेलं, बंदूक केसमधून कायमची काढली गेली आणि ती पाठवणाऱ्यांवर बंदी आली. आज ती दुर्मीळ म्हणून अफाट महाग आहे, पण काढणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

आपल्याकडच्या मुलांनी वारली चित्रं किंवा पैठणीचा मोर घेऊन प्रयोग केला तर पहिली अडचण येईल ती आकाराची. वारलीतली माणसं काडीएवढी असतात. बंदुकीवर, त्यातही ६८ च्या एफओव्हीवर, त्यांचे ठिपके होतात. दोन-तीनच आकृत्या घ्या, मोठ्या करा, प्लेसाइडला आणा. पैठणीच्या पदराचा मोर त्या मानाने सोपा, रंग गडद आणि कडा ठसठशीत. नक्षी कुठल्या पुस्तकातून किंवा कलाकाराकडून जशीच्या तशी उचलू नका, शिकून स्वतः काढा.

आणि हे सगळं करण्याआधी मोबाइलवर स्टीम गार्ड चालू करा. तो नसेल तर ट्रेड पंधरा दिवसांपर्यंत अडकून पडतात, आणि खातं गेलं तर त्यातल्या एकूण एक बंदुका त्याच्यासोबत जातात.